डोकरीचं ताट कोण मोजतं?

(उधवा, ता. तलासरी, जि. पालघर येथे आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका आणि बचत गटातल्या बायकांच्या दोन दिवसांच्या शिबिरात झालेले हे भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक)



काल दिवसभर आपण गरोदर बाई, बाळंतीण आणि कमी वजनाचं मूल यांच्याविषयी बोललो. आपल्या भागात पोषण म्हटलं की दुसरं काही डोळ्यांपुढे येत नाही, आणि त्याला कारण आहे. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालकं दगावली, तेव्हापासून ठाणे जिल्ह्याचा आणि २०१४ नंतर पालघर जिल्ह्याचा हा डोंगरपट्टा कुपोषणाच्या बातमीपुरताच बाहेरच्यांना आठवतो. आज मला त्या मुलांच्या आज्यांविषयी बोलायचं आहे.

आधी एक प्रश्न विचारते. तुमच्यापैकी कुणाच्या रजिस्टरमध्ये साठ वर्षांच्या बाईचं वजन लिहायला रकाना आहे? (कुणीही हात वर केला नाही.)

तुमचा काही दोष नाही. देशाची सगळ्यात मोठी आरोग्य पाहणी, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, बायकांचा रक्तक्षय तपासत आली तो वयाच्या १५ पासून ४९ पर्यंत. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या या वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला, ५४ टक्क्यांना. पन्नासाव्या वर्षी त्या बायकांचं रक्त वाढतं का? वाढत नाही. त्या फक्त मोजायच्या थांबतात. मूल होण्याचं वय संपलं की बाई पोषणाच्या हिशेबातून बाहेर. अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातेला गरम जेवण मिळतं, मुलांना अंडी-केळी मिळतात, आणि ते मिळालंच पाहिजे. पण दिवाळीनंतर आई-बाप वीटभट्टीवर किंवा उंबरगाव, वापी, सिल्वासाच्या कंपन्यांत गेले की त्या मुलांना सांभाळते ती डोकरी, आणि तिच्या पानात काय पडलं हे विचारणारा एकही सरकारी कागद अंगणवाडीत नाही.

आशाताईंच्या हातात एक कागद मात्र आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो सी-बॅक फॉर्म तुम्ही भरता, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी एक प्रश्न आहे : जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरायला होतं का? चांगला प्रश्न आहे. मी इथल्या काही आशाताईंना विचारलं, कुणी ‘हो’ म्हणालं तर पुढे काय करता? त्यातली एक म्हणाली, ‘हो लिहिते.’

त्याच फॉर्मवर कमरेचं माप आहे. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की धोक्याचे गुण वाढतात. कंबर साठ-बासष्ट असेल तर शून्य गुण, म्हणजे सगळं ठीक. त्या फॉर्मला जाड बाई धोक्यात दिसते, वाळून गेलेली बाई धोक्यात दिसत नाही. शहरातल्या आजारांचं माप खेड्यातल्या अंगाला लावलं की असं होतं.

हे एवढं सांगते आहे, कारण गेल्या काही महिन्यांत या भागात काम करताना माझ्यापुढे विसराळू म्हाताऱ्यांचा प्रश्न आला, आणि त्यावर डॉक्टर, भगत, शिकलेली माणसं आणि घरचे लोक काय काय बोलतात ते मी ऐकलं. एक हकीगत सांगते. नाव-गाव सांगत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

एक डोकरी धवलेरी होती. तुम्हाला सांगायला नको, मासिकात वाचणाऱ्या शहरातल्या मैत्रिणींसाठी सांगते : वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो, धवलेरी असते. लग्नाची गाणी ती म्हणते, विधी तिच्या तोंडून पुढे सरकतात. कागद नाही, सगळं पाठ. या बाईचं एका लग्नात गाण्यातलं एक कडवं सुटलं आणि ती पुढे गेली. सोबतच्या बायकांनी सावरून घेतलं. पुढच्या लग्नात ती मधेच थांबली. मग नातीला मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागली. लाकडं आणायला गेली ती संध्याकाळपर्यंत एका बांधावर बसून राहिली. पाय झिणझिणतात, जीभ जळते असं म्हणायची, पण म्हाताऱ्या माणसाचं कोण ऐकतं? त्याच सुमाराला शेजारच्या घरातलं एक गुरू मेलं आणि कुजबूज सुरू झाली. रात्री-अपरात्री फिरते, स्वतःशी बोलते. शब्द उच्चारला गेला नव्हता, पण कुठला शब्द येणार हे सगळ्यांना माहीत होतं. भुताळी.

तिच्याविषयी मी चार मतं ऐकली. भगताचं मत मी आत्ताच सांगितलं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, ‘आजी, वय झालं आता.’ मुलाचं म्हणणं, ताडी जास्त झाली. शहरातून आलेल्या एका भल्या बाईंनी सांगितलं, रोज रात्री पाच बदाम भिजत घाला. बदामाचा भाव मी त्यांना विचारला नाही. पण बदामाने म्हातारपणचं विसरणं थांबतं असा पुरावा काय, हे मला खरंच विचारायचं होतं.

या चौघांपैकी कुणीही तिला ‘तू काय जेवतेस?’ असं विचारलं नाही. ती जेवत होती चहा आणि भात. मीठ-मिरचीबरोबर. नातवंडांना वाढून झाल्यावर. सुकट, बोंबील आले तर ते मुलाच्या पानात. आणि पोटात जळजळ होते म्हणून आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू होती, कुणीतरी एकदा लिहून दिली ती बंद करायला कुणी सांगितलंच नाही. शेवटी तिला तालुक्याबाहेर नेऊन रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात, आणि बी-१२ जीवनसत्त्व तळाला गेलेलं. इंजेक्शनं झाली. काही महिन्यांत पायांच्या मुंग्या गेल्या, वाट चुकणं थांबलं, नातीला नातीच्या नावाने हाक मारायला लागली. सगळं परत आलं असं मी सांगणार नाही. गाण्यांचा क्रम अजून अडतो.

दुसऱ्या एका डोकरीच्या याच तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं, आणि तरीही ती दिवसेंदिवस विसरत गेली. आता तिला चुलीजवळ एकटं सोडता येत नाही. या दोघींना एकाच शब्दात बसवलं की आपण फसतो. बोलण्यात आपण ‘स्मृतिभ्रंश’ म्हणतो, इंग्रजीत डिमेन्शिया. पण तो एक आजार नाही, ती अनेक आजारांची एक खूण आहे. काहींत मेंदूच झिजत जातो, अल्झायमरसारखा, आणि त्याला आज तरी बरं करणारं औषध नाही. काहींत मेंदूला काहीतरी कमी पडतं आहे, थायरॉइड मंद झालं आहे, औषधं बाधताहेत, आणि ते वेळेवर पाहिलं तर सुधारतं. ‘वय झालं’ म्हणणारा डॉक्टर हा फरक न पाहताच दार लावतो.

डॉक्टरांनी गरिबाच्या भुकेला गरिबाच्या जातीचा दोष म्हणण्याची ही पहिली वेळ नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा नावाचा रोग पसरला होता. कातडी भाजल्यासारखी व्हायची, जुलाब लागायचे आणि शेवटी माणूस भ्रमिष्ट व्हायचा. वेड्यांची इस्पितळं अशा रुग्णांनी भरलेली. रोगी कोण? मक्याच्या पिठावर जगणारे शेतमजूर आणि गिरणी कामगार, त्यांतही पुरुषांपेक्षा बायका जास्त. घरात थोडंफार मांस आलं तर ते कमावत्या पुरुषाच्या पानात जायचं, हे त्याचं एक कारण मानलं गेलं. ओळखीचं वाटतं ना? मोठमोठ्या डॉक्टरांचं मत होतं की हा संसर्ग आहे. काही म्हणाले, या लोकांच्या वंशातच खोट आहे. १९१४ साली जोसेफ गोल्डबर्गर नावाच्या सरकारी डॉक्टरला तिकडे पाठवलं. त्यांनी एक साधी गोष्ट पाहिली. इस्पितळातल्या रुग्णांना पेलाग्रा होतो, पण दिवसरात्र त्यांची उस्तवार करणाऱ्या सेवकांना होत नाही. संसर्ग असता तर सेवकांना सोडलं असतं का? फरक होता तो जेवणात. त्यांनी अनाथाश्रमांत आणि इस्पितळांत दूध, अंडी, मांस वाढवलं आणि रोग हटला. तरी पटेना. मग १९१६ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, त्यांच्या पत्नी मेरी यांनीही घेतलं, आणि कुणालाही रोग झाला नाही. पुढे सायडनस्ट्रिकर या अर्थतज्ज्ञाबरोबर त्यांनी गिरणीवस्त्यांतल्या घरांचं उत्पन्न आणि ताट नोंदवलं : उत्पन्न जितकं कमी तितका पेलाग्रा जास्त. हे ऐकून तिथल्या पुढाऱ्यांना आमच्या भागाची बदनामी होते असा राग आला. (हेही ओळखीचं आहे.) नेमकं काय कमी पडतं ते १९३७ साली कळलं, नायसिन नावाचं जीवनसत्त्व.

आपल्याकडेही हा रोग होता. हैदराबादच्या प्रयोगशाळेत, जिला आज आपण राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतो, डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमाराला दख्खनच्या पठारावरच्या, नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांतला पेलाग्रा जगापुढे मांडला. याच गोपालनांनी पुढे ‘लहान चणीचा पण निरोगी’ या मताशी मोठा वाद घातला. १९८२ साली पुण्यात डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी संपादित केलेल्या ग्रंथात डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने म्हटलं होतं की गरीब देशांतली बरीचशी लहान चणीची माणसं उपाशी नसून परिस्थितीशी जुळवून घेतलेली, निरोगी असतात. गोपालनांनी विचारलं, जुळवून घेतलं म्हणजे किती सोसलं याचा हिशेब कोण करणार? तो वाद विद्वानांपुरता राहिला नाही. आजही दवाखान्यात ऐकू येतं : ‘आदिवासी बाई काटकच असते हो.’ पस्तीस किलोची बाई काटक ठरली की तिचं ताट बघायची गरज उरत नाही.

आता उलटी बाजू बघा. पूर्वी अन्नाचा संबंध नाकारला जायचा, आता सगळंच अन्नावर घातलं जातं. हळद खा, अक्रोड खा, ऑलिव्हचं तेल खा, स्मृतिभ्रंश टळेल. याचा पुरावा कुठून आला? कुणाच्या अंगावरून आला?

शिकागोत २०१५ साली ‘माइंड’ नावाचा आहार मांडला गेला : पालेभाज्या, बोरवर्गी फळं, सुका मेवा, मासे, ऑलिव्ह तेल. जे लोक आपणहून तसं जेवत होते त्यांच्यात अल्झायमरचं प्रमाण निम्म्याने कमी दिसलं. वर्तमानपत्रांनी मथळे दिले. पण आपणहून तसं जेवणारे लोक कोण असतात? शिकलेले, पैसा असलेले, फिरायला जाणारे, डॉक्टर परवडणारे. गुण अन्नाचा की त्या आयुष्याचा? हे कळायचं तर चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात, म्हणजे कोण काय खाणार हे त्या माणसाच्या ऐपतीवर ठरत नाही. तशी चाचणी झाली, ६०४ माणसांवर, तीन वर्षं. २०२३ साली निकाल आला : माइंड आहार घेणारे आणि नुसता जेवणाचा भार थोडा कमी केलेले, दोघांच्या स्मरणशक्तीत म्हणण्यासारखा फरक नाही. आणि त्या चाचणीत कोणाला घेतलं होतं? वजन प्रमाणाबाहेर असलेल्यांनाच. आपल्या डोकरीला त्यांनी दारातूनच परत पाठवलं असतं. त्यांचा निकाल ‘हो’ आला असता तरी तिच्याविषयी काही कळलं नसतं, आणि ‘नाही’ आला म्हणूनही तिच्याविषयी काही कळलेलं नाही.

बायकांच्या चळवळीला हा धडा आधीच मिळाला होता, म्हणून सांगते. १९९० च्या दशकात अमेरिकेत पाळी गेलेल्या बायकांना हार्मोनच्या गोळ्या सर्रास दिल्या जायच्या, स्मरणशक्तीही टिकते म्हणून. पुरावा हाच, की गोळ्या घेणाऱ्या बायकांत स्मृतिभ्रंश कमी दिसतो. २००३ साली पासष्टीच्या पुढच्या साडेचार हजार बायकांवर चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीचा निकाल आला. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्या गटात ४० जणींना स्मृतिभ्रंश झाला, खोटी गोळी घेणाऱ्या गटात २१ जणींना. टिकतं म्हणून दिलेल्या गोळ्यांनी धोका दुप्पट केला होता.

हळदीचंही तसंच. हरयाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत अल्झायमरचं प्रमाण जगात फार कमी आहे असं २००१ साली छापून आलं, आणि जगभर सांगितलं गेलं की भारतीय लोक हळद खातात म्हणून. खेड्यात लोक तेवढे जगतच नाहीत, घरचे विसरण्याला आजार मानतच नाहीत, या गोष्टी मागे पडल्या. हळदीतल्या कुर्क्युमिनच्या छोट्या चाचण्या अल्झायमरच्या रुग्णांवर झाल्या, त्यांत गुण आला नाही. २०२३ साली देशभरच्या पाहणीतून जो अंदाज निघाला तो असा : साठीच्या पुढच्या शंभरांत सात-साडेसात जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. हळद तर खेड्यातल्या बायकांच्याच हाताला लागलेली असते.

मग बी-१२ चं काय? आपल्या डोकरीला इंजेक्शनाचा उपयोग झाला, म्हणजे गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना सुया टोचायच्या का? इथे नीट समजून घ्या. बी-१२ कमी पडलं तर नसा आणि मेंदू दुखावतात, यात वाद नाही. ते कमी असेल तर भरून काढायचं. पण ज्यांना कमी नाही अशांनाही बी-जीवनसत्त्वं देऊन विसरणं टाळता येतं का, यावरच्या अकरा चाचण्या, सुमारे २२,००० माणसं, २०१४ साली एकत्र मांडल्या, तेव्हा फायदा दिसला नाही. काही संशोधक म्हणतात की त्यांत मुळात कमतरता असलेली माणसं फार थोडी होती, तेव्हा प्रश्नच चुकीच्या माणसांना विचारला. माझ्यापुरतं मी त्यातून एवढं घेतलं आहे : आधी रक्त बघा, मग सुई. जागतिक आरोग्य संघटनाही २०१९ पासून हेच सांगते की स्मृतिभ्रंश टळावा म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या सरसकट देऊ नयेत.

आपल्या महाराष्ट्रातला बी-१२ चा मोठा अभ्यास पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केला. २००६ साली छापलेल्या त्यांच्या एका पाहणीत खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले ४४१ जण होते. त्यांतल्या ६७ टक्क्यांना बी-१२ कमी. सर्वात वाईट स्थिती कुणाची? शहरी मध्यमवर्गाची, ८१ टक्के. शाकाहार हे त्याचं एक मोठं कारण. म्हणजे ज्या ताटाला आपल्या पाठ्यपुस्तकांनी ‘सात्त्विक, समतोल’ म्हटलं, त्याच ताटात हे जीवनसत्त्व फारसं नाही, कारण ते वनस्पतीत नसतंच. ते असतं मासळीत, खेकड्यात, अंड्यात, दुधात, कलेजीत. ज्या सुकटीच्या वासाला शहरातले लोक नाक मुरडतात तिच्यात ते असतं. ही गोष्ट मला या भागातल्या बायकांना मुद्दाम सांगायची आहे, कारण आश्रमशाळेपासून दवाखान्यापर्यंत तुमच्या अन्नाला कमी लेखणारे तुम्हाला रोज भेटतात.

एक गोष्ट मात्र त्या पाहणीत खटकते. ते ४४१ जण सगळे पुरुष होते. त्याच गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून बायकांचा फार मोलाचा अभ्यास केला आहे, पण तो गरोदर बायकांचा. पुरुष स्वतःच्या तब्येतीसाठी मोजला जातो, बाई पोटातल्या मुलासाठी. सत्तर वर्षांची बाई या दोन्हींत बसत नाही.

वजनाविषयीही थोडं सांगते, कारण आपण वजनकाटा काढणार आहोत. २०१५ साली ब्रिटनमधल्या सुमारे वीस लाख माणसांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मध्यम वयात किडकिडीत असलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंश जास्त झालेला दिसला. पण आजार उघड होण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून वजन उतरायला लागतं, असंही दुसऱ्या अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा वजन उतरल्यामुळे विसरणं आलं की विसरणं येणार म्हणून वजन उतरलं? उत्तर कुठलंही असो, डोकरीचं वजन सहा महिन्यांत चार किलो उतरलं तर तिच्या घरी जाऊन बसायला हवं.

पुराव्यातला सर्वात घट्ट धागा मात्र ताटातला नाही, पाटीतला आहे. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली. त्यात पहिलं, लहानपणी शिक्षण न मिळणं. मग बहिरेपण, नजर जाणं, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, दारू, डोक्याला मार, मन खचणं, एकटेपण, हवेतला धूर. आहार त्या यादीत वेगळा नाही. आता या यादीवरून तलासरीच्या डोकरीकडे बघा. ज्या जमिनीवर १९४५ साली झरी गावी गोदूताई आणि शामराव परुळेकरांबरोबर वारल्यांनी वेठ नाकारली, तिथे त्या सुमाराला जन्मलेली मुलगी शाळेत गेली असेल का? तिचा मोतीबिंदू काढला गेला का? आयुष्यभर चुलीचा धूर कुणी खाल्ला? नवऱ्याच्या माराने डोकं कितीदा फुटलं? आपण हिंसेच्या केसेस लिहितो तेव्हा डोक्याला मार लागल्याचं एका ओळीत लिहून पुढे जातो. पन्नास वर्षांनी त्या ओळीचं काय होतं ते या यादीत आहे.

आणि निदान करणाऱ्या चाचण्या? आज तारीख कोणती, शंभरातून सात वजा करत जा, हे वाक्य वाच, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढ. जिने कधी पेन्सिल धरली नाही तिला पंचकोन काढता आला नाही म्हणून ती विसराळू? तीच बाई लग्नघरात तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक मापाशिवाय काढते. बल्लभगढच्या अभ्यासकांनी १९९५ साली न शिकलेल्यांसाठी वेगळी हिंदी चाचणी केली, ते चांगलं काम. पण माझं म्हणणं, या भागात धवलेरीच्या गाण्यातलं कडवं सुटलं हे सर्वात आधी कळलं ते सोबतच्या बायकांना. कुठल्याही कागदाच्या वर्षभर आधी. हे ‘वैद्यकीय माहिती’ म्हणून डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं गेलं पाहिजे.

एक शेवटचा मुद्दा, आणि तो घरातल्या बाईचा आहे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी लोकांना विचारलं होतं की म्हातारी माणसं अशी का होतात. २००१ साली त्यांनी लिहिलं : लोकांना हा आजार वाटतच नाही, म्हातारपण वाटतं, नाहीतर मुलांनी हेळसांड केल्याचं, माया न दिल्याचं फळ वाटतं. ‘मुलांनी’ म्हणजे कुणी, हे आपल्याला ठाऊक आहे. सुनेने. आता त्यात ‘योग्य आहार दिला तर स्मृतिभ्रंश टळतो’ हे वाक्य घाला. रांधणारी कोण? सूनच. म्हणजे डॉक्टरी भाषेत परत तोच ठपका. जिथे घरात सगळ्यांनाच पुरत नाही, तिथे सुनेने सासूला अक्रोड का दिले नाहीत, असा हा प्रश्न होतो. गोव्यातच २००८ साली ८१ कुटुंबांबरोबर दुसरं काम झालं. साधं प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या घरी जायच्या, सांभाळणाऱ्याला आजार समजावायच्या, रोजच्या अडचणींवर वाट काढायच्या. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्याने कमी झाला. तुमच्यासारख्याच बायकांचं ते काम होतं, फक्त त्यांना त्याचा मोबदला आणि वरून डॉक्टरांचा आधार होता.

तर आता कामाचं बोलू. फॉर्मवर ‘हो’ आलं तर तिथे थांबू नका. कधीपासून विसरते ते विचारा. दोन-चार दिवसांत एकाएकी झालं असेल, ताप असेल, पडली असेल, तोंड वाकडं झालं असेल तर त्याच दिवशी दवाखाना. हळूहळू झालं असेल तर तिच्या गोळ्यांची पिशवी बाहेर काढायला लावा : मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ उतरू शकतं, म्हणून पिशवी डॉक्टरांना दाखवा. गोळ्या आपण बंद करायच्या नाहीत. जीभ, पाय, ऐकू येणं, दिसणं, वजन आणि काल दिवसभरात काय खाल्लं, हे लिहा. ताडी-दारूचंही विचारा, पण ठपका ठेवायला नको; दारू आणि अर्धपोटी राहणं यांनी बी-१ जीवनसत्त्व संपतं आणि त्यानेही स्मरण जातं, तेही वेळेत पाहिलं तर उपाय आहे. डॉक्टरांकडे हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ या तीन तपासण्या मागा. रक्त कमी म्हणून नुसत्या लोह-फॉलिकच्या गोळ्या देत राहिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि बी-१२ मुळे नसांचं नुकसान आत चालूच राहतं, हे त्यांच्याही कानावर घाला. बिघडत नाही. रक्तदाब असलेल्या बाईला ‘खारं बंद’ सांगितलं असेल तर ते बरोबरच आहे, पण सुकट दोन-तीन पाण्यांतून काढली की मीठ बरंच जातं, नाहीतर अंडं. नुसतं ‘बंद’ सांगून तिचं उरलंसुरलं मासळीचं पानही काढून घेऊ नका.

आणि गावात ‘तो’ शब्द कुजबुजला गेला तर गुरू किंवा पोर मरायची वाट बघू नका. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्याकडे आहे, पण पोलीस पाटलाआधी त्या घरी रक्ताचा रिपोर्ट घेऊन आशाताई गेली तर पुष्कळ काम होतं, असा माझा या एका प्रसंगातला अनुभव आहे.

अंगणवाडीत वजनकाटा आहे. गरोदर बायकांचं वजन झालं की त्याच दिवशी त्यांच्या सासवा आणि आया यांनाही काट्यावर उभं करा. रकाना नाही तर रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहा. पुढच्या महिन्यात आपण परत बसू तेव्हा प्रत्येकीने आपल्या पाड्यावरच्या साठीपुढच्या बायकांची यादी आणायची आहे : नाव, वजन, काल काय खाल्लं, आणि विसरतात का. त्या याद्या घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे बी-१२ ची तपासणी तालुक्यातच व्हावी म्हणून जायचं आहे. कोण कोण येणार ते आत्ताच सांगा, म्हणजे गाडीचं बघता येईल.